तेलाचं पाणी

माझ्या सासऱ्यांच्या नाकावर माशी बसलेली मी आयुष्यात एकदाच पाहिली. तीही त्यांनी हाकलली नाही, कारण दोन्ही हातांत सांडस होती, सांडशीत लाल पातं होतं आणि पातं पाणी पीत होतं. पातं पाणी पीत असलं की आमच्याकडे कुणी शिंकत नाही, भांडत नाही, दारावर आलेल्याला बसा म्हणत नाही. एरवी मात्र ते बोलायला लागले की समोरच्याने हात टेकलेच म्हणून समजा.

आम्ही कात्र्या करतो. शिंप्यांच्या, लांब पात्याच्या. पात्यावर, खिळ्याच्या जरा वर, गावाचं नाव ठोकलेलं असतं. लांबलांबच्या दुकानांत शिंपी हाताखालच्या माणसाला 'कात्री दे' असं म्हणत नाही, नुसतं आमच्या गावाचं नाव घेतो, आणि तो माणूस कात्री देतो. गाव कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक नसतं. सासऱ्यांना याचा इतका अभिमान की एकदा एका पाहुण्याने विचारलं, 'तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे?' तर त्यांनी त्याचा सदरा धरून त्याला भट्टीपाशी नेलं आणि स्टुलावर बसवलं. पाहुणा दुपारपर्यंत घामाने निथळत बसला होता.

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी फजिती करून घेतली. सासरे म्हणाले, 'सूनबाई, कुंडीतलं पाणी कमी झालंय, जरा भर.' मी शहाण्यासारखी नळावरून बादली भरून आणली आणि ओतणार, एवढ्यात आमचे हे धावत आले आणि माझं मनगट धरलं. सगळी गल्ली बघत होती. कुंडीत तेल होतं. पातं ज्यात बुडवतात ते तेल, पण त्याला म्हणायचं पाणी. कुंडी पाण्याची, झाकण पाण्याच्या कुंडीचं, आणि तेलवालासुद्धा दारात उभा राहून विचारायचा, 'पाण्याचं तेल किती देऊ?' पणजोबांच्या काळी खरोखर पाणीच वापरत असतील. मग कधीतरी कुणाला तरी कळलं की आमच्या पातळ पात्याला तेल मानवतं, आणि कुंडीत तेल आलं. शब्द बदलायला कुणाला वेळ झाला नाही.

नंतर मीही तसंच म्हणू लागले. माझं काम जोड्या लावायचं. दोन पाती एकमेकांवर ठेवायची, खिळा बसवायचा आणि ओला मलमलचा तुकडा कापून बघायचा. कात्र्या मुळाशी सगळ्याच कापतात, खरी परीक्षा टोकाला. टोकाशी कपडा चावला गेला तर जोडी बाद. बाद पाती सासरे ऐरणीवर ठेवून मोडून टाकत. त्यांना नुसतं बाजूला ठेवणं पसंत नव्हतं, कारण नाव आधी ठोकतात, पोलाद मऊ असताना, आणि पाणी नंतर देतात. म्हणजे वाईट पात्यावरही नाव असतंच. ते दाराबाहेर जाता कामा नये.

आणि मग गावाबाहेरून नाव यायला लागलं. एक शिंपी मोडकी कात्री घेऊन भांडायला आला. पातं पत्र्यासारखं, खिळा डगमगता, आणि वर आमच्या गावाचं नाव, तेही वाकडं. सासऱ्यांनी ती हातात घेतली आणि शिंप्याच्या आधी स्वतःच इतके भडकले की बिचारा त्यांचीच समजूत काढत बसला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या भट्ट्यांचे मालक आमच्या ओट्यावर जमले आणि ठरलं की नावासाठी कायद्याकडे जायचं. भौगोलिक मानांकन असं त्या गोष्टीला म्हणतात. सासऱ्यांच्या जिभेला ते कधी वळलं नाही. ते 'नावाचं कुंपण' म्हणत.

कुंपण घालायला एक वकिलीणबाई आल्या. हुशार, शांत, आणि काजळीने कपडे काळे होतील याची पर्वा नसलेल्या. आमच्या कामाचा खोळंबा नको म्हणून त्या मुद्दाम सुटीच्या दिवशी आल्या. भट्टी थंड होती, कुंडीवर झाकण होतं. सासरे स्टुलावर बसून सांगत होते आणि त्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये उतरवून घेत होत्या.

'काका, पोलाद किती तापवायचं?'

'पिकलेल्या टोमॅटोचा रंग येईस्तोवर.'

'म्हणजे साधारण किती अंश?'

'टोमॅटोला अंश असतात का, बाई?'

त्या हसल्या नाहीत. टोमॅटोच लिहिला. 'मग?'

'मग पाणी द्यायचं. एका दमात, टोक आधी.'

'पाणीच? दुसरं काही चालत नाही?'

सासरे ताठ झाले. 'दुसरं काय देणार? ज्याला पाण्याची अक्कल नाही त्याने कात्रीच्या वाटेला जाऊ नये. तुम्ही असं लिहा, पाण्यावाचून दुसरं काहीही आमच्या नावाला चालणार नाही. चोराला शिरायला फट ठेवू नका.'

बाईंनी फट ठेवली नाही.

पुढे तो मसुदा सगळ्यांसमोर वाचून दाखवला. आमच्या ओट्यावरच. 'पिकलेल्या टोमॅटोच्या रंगाचे झालेले पाते एका दमात पाण्यात बुडवावे. पाण्यावाचून दुसरे काहीही चालणार नाही.' सगळ्या माना डोलल्या. मी चहा देत होते, मीही ऐकलं, आणि मलाही काही खटकलं नाही. या घरात इतकी वर्षं काढल्यावर पाणी म्हटलं की माझ्या नाकाला तेलाचाच वास येत होता. यांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळी गल्ली घाई म्हणूनच ओळखते, ते म्हणाले, 'वा, बाईंनी आपली भाषा काय उचललीय.' मग सह्या झाल्या.

मानांकन मिळालं तो दिवस आमच्या घरात लग्नासारखा होता. नवा ठसा करून आणला, नावाशेजारी छोटीशी सरकारी खूण असलेला. पहिल्या पात्यावर सासऱ्यांनी तो ठोकला आणि पातं सगळ्यांच्या हातातून फिरलं. 'आता येऊ दे कोण येतो ते,' ते म्हणाले, 'एकेकाला पाणी पाजतो.'

आलं ते गावातूनच आलं. गावाच्या कडेला, पण हद्दीच्या आत, एक मोठा कारखाना आहे. तिथे पूर्वी पोलादी कपाटं व्हायची. त्यांनी आमचा कागद मागवून घेतला आणि आमच्यापेक्षा नीट वाचला. एक शेड उभारली. तिथे कोळशाची भट्टी, ऐरणी, पगारावर ठेवलेले घणवाले आणि भिंतीला लागून एक भलीथोरली टाकी. टाकीवर नळ. पातळ पातं नळाच्या पाण्यात तडकतं हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार, म्हणून त्यांनी पातं जाड केलं. त्या कात्रीने कपडा कापण्यापेक्षा तो दमवून फाडायचा असतो. पण हद्दीत राहून कागदाप्रमाणे जो करील त्याला नाव ठोकता येतं, असा कायदाच आहे. ते नोंदणीसाठी गेले आणि त्यांना नाव मिळालं.

तक्रार सासऱ्यांनी केली. हे सांगायलाच हवं, कारण पुढे गल्लीत लोक म्हणू लागले की कारखान्याने केली. सासऱ्यांनी कारखान्याची एक कात्री विकत आणली, टोकाशी मलमल चावून दाखवली आणि म्हणाले, 'ही आपल्या नावाची नाही. तपासायला बोलवा सरकारी माणसांना.' यांनी एकदा म्हणून बघितलं की बाबा, जरा थांबू. पण बाबांना थांबवणं आणि घण हवेत असताना त्याला थांबवणं सारखंच.

तपासनीस आले. तरुण, नम्र, हातात छापील कागदांची चळत. सकाळी कारखाना बघून दुपारी ते गल्लीत आले, आणि पहिली भट्टी अर्थात आमची. सासऱ्यांनी धुतलेला सदरा घातला होता. त्या दिवशी त्यांनी जे काम केलं तसं मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. पातं ठोकलं, कानसलं, नाव ठोकलं, पुन्हा तापवलं. टोमॅटोचा रंग अचूक आला. एका दमात बुडवलं. वर आलेला धूर त्यांनी तोंडाने बाजूला फुंकला आणि तपासनीसांकडे बघून हसले.

'हे काय आहे?' तपासनीसांनी कुंडीकडे बोट केलं.

'पाणी.'

तपासनीसांनी कुंडीच्या काठावरचा ओघळ बोटाने पुसला, वास घेतला, बोटं चोळली. 'हे तेल आहे, काका.'

'तेलच की,' सासरे म्हणाले. 'आमच्याकडे पाणी तेलाचंच असतं.'

त्यांना कळलं नव्हतं. मला कळलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी यांच्याकडे. तपासनीसांनी कागदातलं वाक्य वाचून दाखवलं. सासरे म्हणाले, 'बरोबर आहे. माझंच वाक्य आहे ते.'

'पण कागदात पाणी म्हणजे नळाचं पाणी झालं ना.'

'नळाचं पाणी?' सासरे खरोखर हसले. लहान मुलाला समजवावं तसं सांगू लागले. 'अहो, नळाच्या पाण्यात घातलं तर तडकेल ना ते. आम्ही कधीच घालत नाही.'

तपासनीसांनी तेही लिहून घेतलं. मग पेन खिशाला लावून म्हणाले, 'मला जे दिसतं तेच लिहावं लागतं, काका.' त्यांचा राग यावा असं त्यांच्यात काहीच नव्हतं, आणि मला त्याचाच राग आला. ते पुढच्या भट्टीत गेले. तिथेही तेल होतं. सगळीकडे तेलच होतं, आणि सगळ्यांनी त्याला पाणीच म्हटलं.

त्यांच्या अहवालावर सुनावणी लागली, आणि सासऱ्यांबरोबर मी गेले. लांब टेबल, डोक्यावर करकरणारा पंखा, टेबलापलीकडे अधिकारी. वकिलीणबाई मनापासून भांडल्या. त्यांना स्वतःची चूक इतकी लागली होती की आमच्याकडे बघायचं टाळत होत्या. त्या म्हणाल्या की हा धंद्यातला शब्द आहे, बोलीत पाण्याचे शंभर अर्थ होतात. 'साहेब, आपण एखाद्याला पाणी पाजलं म्हणतो तेव्हा तांब्या घेऊन जात नाही. एखाद्याला पाण्यात पाहतो म्हणतो तेव्हा विहिरीत वाकत नाही.' अधिकारी हसले. मला वाटलं, जमलं.

कारखान्याचे वकील सावकाश उठले. तेही हसत होते. 'शब्दाचे शंभर अर्थ आहेत, मान्य. पण पाण्यावाचून दुसरं काहीही चालणार नाही, हा आग्रह कुणाचा? हे वाक्य आम्ही लिहिलेलं नाही. आम्ही ते वाचलं, आणि त्यासाठी टाकी बांधली.'

अधिकाऱ्यांनी सासऱ्यांना विचारलं, 'हे वाक्य तुमचं?'

'माझं.'

'तुम्हाला वाचून दाखवलं होतं?'

'दाखवलं होतं.'

'आजही तुमचं तेच म्हणणं आहे?'

वकिलीणबाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला. एक 'नाही' पुरे होतं. चुकलं साहेब, तेल म्हणायचं होतं, एवढंच म्हणायचं होतं. आदल्या दिवशी बाईंनी ते त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. पण माझ्या सासऱ्यांना भर सभेत कुणी विचारलं की तुमच्या कात्रीला पाणी लागतं की नाही, तर ते काय म्हणणार? ते म्हणाले, 'आजही तेच. पाण्यावाचून कात्री होत नाही.'

बाईंनी डोळे मिटून घेतले.

निकाल साधा होता. कागद बदलून घेईपर्यंत तेलात बुडवलेल्या पात्यावर नाव ठोकायचं नाही. कागद बदलता येतो, पण त्यासाठी नाव वापरणाऱ्या सगळ्या नोंदलेल्या मंडळींची संमती लागते. कारखाना नोंदलेला होता. कारखाना नाही म्हणाला. त्यांनी ते छान कागदावर, अदबीने कळवलं. परंपरेशी छेडछाड त्यांना मंजूर नव्हती.

मग एके दिवशी यांनी कुंडी उपसली. तेल डब्यांत भरलं, कुंडी सोड्याने घासली आणि नळाच्या पाण्याने भरली. सासरे बाहेर ओट्यावर जाऊन बसले, रस्त्याकडे तोंड करून. पोलाद तडकताना मोठा आवाज होत नाही. बारीक टक् होतं, आणि पातं वर काढलं की नावाच्या अक्षरांतून एक केसाएवढी रेघ गेलेली असते. यांनी पाणी कोमट करून पाहिलं, मीठ घालून पाहिलं, हळू बुडवून पाहिलं. बरीच तडकली, काही वाकली, थोडी टिकली. टिकलेल्यांच्या मी जोड्या लावल्या. टोकाशी मलमल चावली गेली. मी तो तुकडा लपवायला गेले, पण सासरे आत आलेच होते.

त्यांनी त्या कात्र्या एकेक करून ऐरणीवर घेतल्या.

'बाबा, नाव ठोकलंय त्यांच्यावर,' हे म्हणाले. 'निदान या तरी कायद्याने आपल्या आहेत. खपतील.'

'नाव ठोकलंय म्हणूनच मोडतोय,' सासरे म्हणाले.

बापलेकांत त्या दिवशी जे झालं ते मी लिहीत नाही. हे चुकीचं बोलत नव्हते आणि सासरेही. नाव असलेली वाईट कात्री करायची की बिननावाची चांगली, यात तिसरी वाट आम्हाला कुणी ठेवली नव्हती, आणि ती बंद करताना भिंतीचा पहिला दगड आमच्याच घरातून गेला होता. संध्याकाळी यांनी मुकाट्याने कुंडीत पुन्हा तेल भरलं. नावावर पाणी सोडलं, असं आपण म्हणतो. आम्ही तेल ओतून सोडलं.

गावाचं नाही तर आपलं आडनाव ठोकू, असंही यांना सुचलं. पण आमचं आडनाव गावावरूनच पडलेलं. यांनी वकिलीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, 'नको. त्यात गावाचं नाव आहे, तेही त्याच बंदीत येईल.' आपलं आडनाव आपल्याला ठोकता येत नाही, हे ऐकून मला हसू आलं. हसता हसता रडूच आलं, आणि हे माझ्यापाशी बसून राहिले.

गल्ली पांगायला वेळ लागला नाही. पहिले गेले ते घाईभाऊजी. त्यांनी जाड पोलाद आणलं, कुंडीत नळ सोडला आणि नाव ठोकायला लागले. सासऱ्यांना तोंड दाखवायला नको म्हणून ते गल्लीच्या मागच्या वाटेने ये-जा करत. मग दुसरे गेले, मग तिसरे. उरलेल्यांनी कारखान्यात घण धरला. दुपारी गल्लीत जो ठोकाठोकीचा आवाज असायचा, ज्याचा मला आधी त्रास व्हायचा, तो विरत गेला आणि एक दिवस नुसता आमचाच राहिला. तो ऐकवत नसे.

बिननावाच्या कात्र्या घेऊन हे बाजार फिरले. दुकानदार उघडून बघत, मिटून परत देत. आमचा एक जुना शिंपी मात्र आपण होऊन आला. दर काही वर्षांनी यायचा, सोबत स्वतःचं कापड घेऊन. मी त्याच्यापुढे कात्री ठेवली. त्याने कापड ओलं केलं, टोकापर्यंत एका रेषेत कापलं आणि त्याचा चेहरा उजळला. मग त्याचा अंगठा सवयीने खिळ्याच्या वर गेला आणि तिथे थांबला. गुळगुळीत होतं. त्याने पातं उलटून बघितलं.

'वहिनी, नाव कुठंय?'

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. तो ऐकून घेत राहिला.

'मला कळतंय हो,' तो म्हणाला. 'कात्री तीच आहे, हाताला समजतं. पण दुकानात मी एकटा नसतो. गिऱ्हाईक बघतं, हाताखालची माणसं बघतात. नाव नसलेली कात्री घेऊन बसलो तर म्हणतील, याला आता परवडत नाही.'

त्याने कात्री हळूच खाली ठेवली. जाताना त्याने बाजारातून नाव असलेली घेतली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सासरे आतल्या खोलीत होते. ते दारात आले.

'कापलं ना त्याने?'

'कापलं, मामंजी.'

'टोकापर्यंत?'

'टोकापर्यंत.'

'मग?'

मी कात्री उचलून फडक्यात गुंडाळली. ते पुन्हा आत गेले. त्यानंतर भट्टी रोज पेटेना. यांनी पेटवली तर ते येऊन बसायचे, पण सांडस हातात घ्यायचे नाहीत. पात्याचा रंग बघून 'आता' एवढंच म्हणायचे, आणि पुढे तेही म्हणेनासे झाले. मला त्यांचा फार राग यायचा, कारण त्यांनी भर सुनावणीत एक शब्द गिळला असता तर आज घर असं नसतं. आणि त्यांनी तो गिळला असता तर मला त्यांचं तोंड बघवलं नसतं, हेही मला ठाऊक होतं.

घरात कुणीतरी पगार आणायला हवा होता. कारखान्याने यांना टाकीवर बोलावलं होतं. पाण्याच्या टाकीवर, माझ्या नवऱ्याला. त्या रात्री हे भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी मी म्हणाले, 'तुम्ही नका जाऊ. तिथे जोड्या लावायला बायका घेतात. मी जाते. मला तिथे कोण ओळखतंय?' खरं तर तिथले निम्मे घणवाले आमच्याच गल्लीतले. मला बघून त्यांनी माना खाली घातल्या, म्हणजे ओळखलंच.

शेड स्वच्छ होती. हवा खेळती, बाकं उंचीला नीट, पाठ दुखू नये अशी. माझ्यापुढे पात्यांचा ट्रे आला. प्रत्येकावर आमच्या गावाचं नाव, शेजारी ती सरकारी खूण. मी जोड्या लावायला लागले, आणि हाताला सवयच, म्हणून प्रत्येक कात्रीने पिशवीतला ओला मलमलचा तुकडा कापून बघू लागले. चावली की बाजूला. दुपारपर्यंत बाजूचा ढीग समोरच्यापेक्षा मोठा झाला.

तिथली देखरेखीची बाई आली. माझ्याहून लहान, गोड स्वभावाची. 'ताई, या का बाजूला ठेवल्यात?'

'कापत नाहीत. टोकाला अडतात.'

ती खरंच गोंधळली. मला भिंतीपाशी घेऊन गेली. तिथे काचेत कागद लावलेला होता. तिने बोट ठेवून वाचून दाखवलं. पात्याची लांबी, खिळ्याची जागा, नावाची जागा. 'पिकलेल्या टोमॅटोच्या रंगाचे झालेले पाते एका दमात पाण्यात बुडवावे.' सासऱ्यांचा आवाज त्या बाईच्या तोंडून यावा तसं मला झालं. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं.

'बघा, सगळं बरोबर आहे यांचं,' ती म्हणाली. 'यात कापण्याचं कुठे काही लिहिलेलं नाही.'

मी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं. खरंच नव्हतं. कात्रीने कापावं, हे लिहायला हवं असं त्या दिवशी आमच्या ओट्यावर कुणालाच वाटलं नव्हतं. मी बाकावर परत आले आणि बाजूचा ढीग समोरच्या ढिगात मिसळला. मलमलचा तुकडा पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी नेलाच नाही.

मी कुठे जाते हे सासऱ्यांनी कधी विचारलं नाही, पण माझ्या बोटांवरचा पोलादाचा काळेपणा त्यांना कसा चुकणार? महिना संपत आला असेल. मी घरी येऊन हात धूत होते आणि ते मागे येऊन उभे राहिले.

'तिथे नाव नीट उठतं का आपलं?'

'उठतं, मामंजी.'

'खोल?'

'चांगलं खोल.'

त्यांनी मान हलवली. 'मऊ असताना ठोकत असतील,' ते म्हणाले, आणि आत जायला वळले. कापतात का, या प्रश्नाचं खोटं उत्तर मी पहिल्या दिवसापासून रोज वाटभर घोळवत येत होते. तो प्रश्न त्यांनी विचारला नाही.